‘मास्तर, आमचे लोक एवढी वर्षं नुसता मारच खात होते का?’
इतिहासाची मराठी पुस्तकं करणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत जगाचा इतिहास लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, अनुवादणाऱ्या आणि छापणाऱ्या सर्व मंडळींना,
स. न. वि. वि.

मी अलिबाग तालुक्यातला निवृत्त इतिहासशिक्षक. आमच्या आळीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाची आता दोनच घरं उघडी आहेत. त्यातल्या एका घरात एक मावशी एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मुलं-नातवंडं सगळी तिकडे इस्रायलात. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना काहीबाही वाचून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात ज्यूंच्या इतिहासावरचं एक मराठी पुस्तक हाती आलं, म्हटलं चला, हे वाचू. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, इथवर सगळं सविस्तर होतं. मग पान उलटलं. १०९६, क्रूसेडवाल्यांनी ऱ्हाईनकाठच्या वस्त्या कापल्या. १२९०, इंग्लंडमधून हकालपट्टी. १४९२, स्पेनमधून हकालपट्टी. आणखी पान उलटलं आणि हिटलर आला. ७० ते १४९२ ही मधली चौदाशे वर्षं साडेचार पानांत संपली.

मावशींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “मास्तर, आमचे लोक एवढी वर्षं नुसता मारच खात होते का? कुणी काही लिहिलं-वाचलं नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकाला दोष द्यावा तर मीही तीस वर्षं वर्गात तेच केलं होतं. फळ्यावर सनावळी लिहायची, प्रत्येक सनापुढे ‘कत्तल’ किंवा ‘हकालपट्टी’, आणि पुढचा धडा. हे पत्र म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराचा माझा प्रयत्न आहे, आणि तुमच्याकडे एक मागणीही आहे.

१२९० हेच साल घ्या. शके १२१२. नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ते वर्ष. सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला. उद्या कुणी परक्याने मराठी मुलखाच्या तेराव्या शतकाचा इतिहास लिहिला, त्यात देवगिरीची लूट तपशीलवार दिली आणि ज्ञानेश्वरांचं नावही घेतलं नाही, तर आपण त्याला काय म्हणू? ज्यूंच्या मध्ययुगाबाबत आपण मराठीत नेमकं हेच केलेलं आहे. त्यांचे मारेकरी आपल्याला ठाऊक आहेत, त्यांचे टीकाकार ठाऊक नाहीत.

टीकाकार हा शब्द मी निंदक या अर्थाने वापरत नाही, भाष्यकार या जुन्या अर्थाने वापरतो. ज्या भाषेचा आद्य महाग्रंथच एका ग्रंथावरची टीका आहे, त्या भाषेत राशीची ओळख करून द्यायला खरं तर फार श्रम पडू नयेत. (अडचण एकच. ‘राशी’ असं नुसतं छापलं की वाचकाला भविष्याचं सदर वाटतं. रब्बी श्लोमो यित्सहाकी या नावाची आद्याक्षरं म्हणजे राशी. ज्यू पंडितांची नावं अशीच आद्याक्षरांनी चालतात.) हा माणूस १०४० च्या सुमारास फ्रान्समधल्या त्रुआ या गावी जन्मला, जर्मनीत माइन्झ आणि वर्म्सच्या पाठशाळांत शिकला, गावी परतून स्वतःची पाठशाळा काढली आणि ११०५ मध्ये वारला. हिब्रू बायबलच्या बहुतेक सगळ्या भागांवर आणि जवळपास सबंध तालमुदावर, म्हणजे ज्यू कायद्यावरच्या चर्चांच्या महाग्रंथावर, त्याने टीका लिहिली. अडलेला शब्द आला की तो सरळ गावच्या बोलीतला फ्रेंच शब्द हिब्रू अक्षरांत लिहून मोकळा होतो. असे हजारो शब्द त्याच्या टीकेत विखुरले आहेत, आणि अकराव्या शतकातली फ्रेंच कशी होती हे शोधणारे भाषापंडित आजही त्यांच्याकडे जातात.

मला त्याचं एक वाक्य फार आवडतं. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात एके ठिकाणी रिबेकाचा उल्लेख ‘याकोब आणि एसाव यांची आई’ असा येतो. आता ती त्यांची आई आहे हे वाचकाला केव्हाच कळलेलं असतं. मग पुन्हा का सांगितलं? राशी लिहितो: यातून आपल्याला काय शिकवायचं आहे, मला माहीत नाही. काहीच लिहिलं नसतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण प्रश्न पडला होता, तो त्याने नोंदवला, आणि उत्तर नाही हेही नोंदवलं. आमच्या वेळच्या गाईडांमध्ये असं एक तरी वाक्य सापडलं असतं तर!

तालमुद म्हणजे ‘ज्यूंचा धर्मग्रंथ’, एवढ्यावर आपली पुस्तकं भागवतात. तो ग्रंथ चालतो कसा, हे एका उदाहरणावरून पाहा. ‘बाबा मेत्सिया’ या भागाची सुरुवातच दोघांच्या भांडणाने होते. दोघांनी एकच उपरणं धरलंय. हा म्हणतो मला सापडलं, तो म्हणतो मला सापडलं. हा म्हणतो सगळं माझं, तो म्हणतो सगळं माझं. निवाडा असा की, ‘यात माझा अर्ध्याहून कमी वाटा नाही’ अशी शपथ दोघांनी घ्यावी आणि उपरणं वाटून घ्यावं. पुढे लगेच: एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं, तर? पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव, कारण एका अर्ध्याबद्दल मुळात वादच नाही. हा झाला मूळ मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या कायद्याचा संग्रह, इ.स. २०० च्या आसपासचा. त्याभोवती पुढच्या काही शतकांची चर्चा, म्हणजे गमारा.

आता राशी काय करतो? ‘धरलंय’ या एका शब्दावर बोट ठेवतो. दोघांनी धरलंय म्हणून दोघांचा ताबा सारखा. एकाच्याच हातात असतं तर दुसरा मागणारा ठरला असता, आणि पुरावा आणण्याचं ओझं मागणाऱ्यावर असतं. दोन ओळींत कायद्याचं अख्खं तत्त्व. त्यानंतर पुढच्या पिढ्या येतात, त्यांना तोसाफिस्त म्हणतात आणि त्यांच्या टिपांना तोसाफोत. त्यांतल्या पहिल्या फळीत राशीचे स्वतःचे जावई आणि नातूच आहेत. राशीला मुलगा नव्हता, मुली होत्या, आणि त्यांच्याच पोटी रश्बाम आणि रब्बेनू ताम हे दोन धुरंधर जन्मले. तोसाफोत विचारतात: दुसऱ्या एका ठिकाणी नावेवरून भांडणाऱ्या दोघांना ‘ज्याचं बळ त्याची नाव’ असं सांगून सोडून दिलंय, मग इथेच वाटणी कशी? आणि उत्तरासाठी पुन्हा ‘धरलंय’पाशी येतात. नाव कुणाच्याच हातात नव्हती, उपरणं दोघांच्या हातात आहे.

१५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानेवाल्याने संपूर्ण तालमुद छापला, तेव्हा पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर, शिवणीकडच्या बाजूला राशी आणि बाहेरच्या कडेला तोसाफोत अशी मांडणी पक्की झाली. ती आजतागायत तशीच आहे. आजोबांचं मत एका कडेला, नातवांचा आक्षेप दुसऱ्या कडेला, आणि मुलांनी दोन्ही वाचायचं. नातू रश्बाम तर लिहून ठेवतो की आपण आजोबांशी वाद घातला, आणि त्यांनी कबूल केलं की सवड मिळाली असती तर सरळ अर्थाला धरून नव्या टीका लिहाव्या लागल्या असत्या. आपल्या घराण्यातल्या पंडिताबद्दल कुणी एवढं मोकळेपणाने लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

म्हणून माझी पहिली मागणी शब्दाची आहे. ‘रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू’ हे वाक्य कृपा करून बदला. आपल्याकडे धर्मगुरू म्हटलं की पाद्री किंवा पुजारी डोळ्यांसमोर येतो. ज्यूंमध्ये पुजाऱ्याचं काम कोहेन घराण्याचं होतं आणि मंदिर पडल्यावर ते बहुतांशी संपलं. रब्बी हा शास्त्री. लोक त्याला प्रश्न पाठवत, तो लेखी उत्तर देई: भागीदारीचा हिशोब, हरवलेल्या नवऱ्याच्या बायकोचं पुनर्लग्न, विहिरीचं पाणी. ही प्रश्नोत्तरं हजारोंनी उरली आहेत, आणि त्या काळच्या बाजारहाटाची, घरांची, भांडणांची अशी माहिती राजांच्या बखरींत मिळत नाही. माइन्झचा रब्बेनू गेर्शोम, राशीच्या गुरूंचा गुरू, इ.स. १००० च्या आसपासचा. त्याच्या नावावर तीन निर्बंध सांगतात: एकीवर दुसरी बायको करायची नाही, बायकोच्या संमतीवाचून तिला सोडायची नाही, आणि दुसऱ्याचं पत्र उघडून वाचायचं नाही. मोडेल तो वाळीत. (हे पत्र खुलं आहे, तेव्हा निर्धास्त वाचा.)

दुसरा माणूस मोशे बेन मैमोन. रंबाम, किंवा युरोपीय वळणाने मायमोनिडीज. जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबात. अल्मोहाद या कट्टर मुस्लिम घराण्याची राजवट आल्यावर कुटुंब बाहेर पडलं, मोरोक्कोत फेझ, मग पॅलेस्टाइन, आणि शेवटी कैरोजवळचं फुस्तात. त्याचे मोठे ग्रंथ दोन. सगळ्या ज्यू धर्मशास्त्राची चौदा भागांत विषयवार मांडणी करणारा ‘मिश्ने तोरा’ हिब्रूत, आणि श्रद्धा व तत्त्वज्ञान यांच्या कात्रीत सापडलेल्या शिष्यासाठी लिहिलेला ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ हा अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत. पहिल्या ग्रंथावरून प्रोव्हान्सचा रब्बी अब्राहम बेन दाविद भडकला. आधार न देता नुसते निर्णय कसे लिहितोस, असा त्याचा सवाल. आज ‘मिश्ने तोरा’ छापतात तेव्हा हे शेलके आक्षेपही शेजारीच छापतात. दुसऱ्या ग्रंथावरून तर पुढची शंभर वर्षं फ्रान्स-स्पेनमध्ये रणं माजली. १३०५ मध्ये बार्सिलोनाच्या रश्बाने (रब्बी श्लोमो बेन आदेरेत, मघाचा रश्बाम वेगळा) पंचविशीच्या आतल्या पोरांनी ग्रीक तत्त्वज्ञान वाचू नये असा बहिष्काराचा दंडकच घातला. तुमच्या साडेचार पानांत ज्यू समाज एकजिनसी दिसतो, प्रत्यक्षात तो असा भांडत होता.

मावशींना मात्र रंबाम सांगताना मी ग्रंथांपासून सुरुवात केली नाही. त्याच्या धाकट्या भावापासून केली.

दाविद त्याचं नाव, रत्नांचा व्यापारी. घर तो चालवायचा, म्हणून थोरल्याला लिहायला सवड होती. वाळवंट ओलांडून तो तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला, तिथे घेण्याजोगा माल सापडला नाही, तेव्हा त्याने भावाला कळवलं की आपण पुढे हिंदुस्थानला निघतो आहोत. ते पत्र आजही केंब्रिजमध्ये आहे. दाविद हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर भावाचे, स्वतःचे आणि लोकांचे पैसे गेले, मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. रंबाम अंथरुणाला खिळला, वर्षभर तापाने उठला नाही. आठ वर्षांनी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की अजूनही भावाचं हस्ताक्षर दिसलं की काळीज ढवळून निघतं. पुढे घर चालवायला त्याने वैद्यकी धरली आणि इजिप्तचा सुलतान सलादिन याच्या दरबारापर्यंत पोचला. ‘मार्गदर्शक’ त्यानंतरचा आहे.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्याच समुद्रात.” आमच्या म्हणजे खिडकीतून दिसतो त्या. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांच्या समाजाची मूळकथा. बुडणं-वाचणं त्यांना घरचं आहे.

हा धागा इथे तुटत नाही. आयुष्याच्या शेवटी रंबामने दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना एक पत्र लिहिलं. विद्या सगळीकडून लोपत चालली, आता तुमचाच आधार, असा त्याचा सूर आहे. त्यात एक वाक्य हिंदुस्थानच्या ज्यूंबद्दल आहे: त्यांना लिखित तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) ठाऊक नाही, धर्मातलं एवढंच राहिलंय की ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. कोकणातल्या ‘शनिवार तेल्यां’ची, म्हणजे बेने इस्राएलींची, हीच ओळख होती. शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता, आणि तोंडी राहिलेली ‘शेमा’ची प्रार्थना. ते वाक्य नेमकं आमच्या मावशींच्या पूर्वजांबद्दल आहे की मलबारच्या ज्यूंबद्दल, यावर अभ्यासक भांडोत. जवळजवळ आठशे वर्षांनी त्याच मुद्द्यावर प्रकरण उभं राहिलं ते मात्र यांच्याच बाबतीत. बेने इस्राएल इस्रायलला गेले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी त्यांच्या लग्नांवर शंका काढली. कोकणात घटस्फोट आणि मेलेल्या भावाच्या बायकोविषयीचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का? जेरुसलेमच्या रस्त्यावर मराठी बोलणारी माणसं धरणं धरून बसली, आणि १९६४ मध्ये ते निर्बंध मागे पडले. मावशींच्या नणंदेचं लग्न त्या गडबडीत वर्षभर अडलं होतं. तेव्हा मध्ययुगीन रब्बींचा आणि मराठी वाचकाचा संबंध काय, असं कुणी संपादकीय बैठकीत विचारलं तर त्याला अलिबागला पाठवा.

कत्तली गाळा असं मी म्हणत नाही. पण त्यासुद्धा माणसांच्या गोष्टी म्हणून सांगता येतात. १२४२ मध्ये पॅरिसमध्ये चोवीस गाड्या भरून तालमुदाची हस्तलिखितं जाळली. छपाई यायला अजून दोनशे वर्षं होती, प्रत्येक पान कुणीतरी हाताने लिहिलेलं. त्या वेळी फ्रान्समध्ये शिकत असलेल्या मेइर नावाच्या तरुणाने त्या आगीवर विलापगीत लिहिलं, ते आजही मंदिरनाशाच्या उपवासाला म्हणतात. हाच पुढे रोथेनबुर्गचा रब्बी मेइर, जर्मनीतला सर्वांत मोठा शास्त्री. १२८६ मध्ये देश सोडून जाताना त्याला पकडलं आणि जर्मनीचा राजा रुडॉल्फ याने कैदेत टाकलं. समाजाने खंडणी जमवली. परंपरा सांगते की त्यानेच ती देऊ दिली नाही, एकदा दिली की राजे प्रत्येक पंडिताला धरतील. तुरुंगातूनही तो प्रश्नांना उत्तरं लिहीत राहिला, हाताशी पुस्तकं नाहीत अशी तक्रार करत. १२९३ मध्ये तो तिथेच गेला. प्रेतही चौदा वर्षं अडवून ठेवलं होतं. १३०७ मध्ये अलेक्झांडर विम्फेन नावाच्या व्यापाऱ्याने पैसे भरून ते सोडवलं, एकाच अटीवर, की मला त्यांच्या शेजारी पुरावं. वर्म्सच्या दफनभूमीत दोन्ही दगड शेजारी-शेजारी उभे आहेत.

आणि दुल्सेया. वर्म्सच्या रब्बी एलाझारची बायको. ११९६ मध्ये घरात घुसलेल्यांनी तिला आणि बेलेत व हन्ना या दोन मुलींना मारलं. एलाझारने तिच्यावर कविता केली आहे. त्या कवितेत मारेकऱ्यांपेक्षा दुल्सेयाच जास्त आहे. ती पैशांचे व्यवहार करून घर आणि पाठशाळा चालवायची, पोथ्यांची चामडी पानं शिवायची, गावोगावच्या बायकांना प्रार्थना शिकवायची. तेरा वर्षांची बेलेत आईकडून प्रार्थना आणि गाणी शिकली होती. सहा वर्षांची हन्ना रोज शेमा म्हणायची. तुमच्या पुस्तकात ‘वर्म्स’ हा शब्द एकदा येतो, आणि त्याच्यापुढे मृतांचा आकडा असतो.

हे सगळं मराठीत आणायला हिब्रू जाणणारी माणसं कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. इंग्रजीच्या तिसऱ्या उष्ट्यावरून आणू नका एवढंच सांगतो, त्याने ‘टीका’चं ‘समालोचन’ होतं आणि ‘शास्त्री’चा ‘पाद्री’. आणि मराठीत आधी काहीच नाही असंही नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तकं थेट मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. १८८० नंतर मुंबईत बेने इस्राएलींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर चक्क कीर्तनं केली, टाळ-झांजांसह. प्रार्थनापुस्तकातलं ‘यिगदल’ हे गीत रंबामच्या तेरा तत्त्वांचं पद्यरूप आहे. म्हणजे रंबाम मराठी घरात शतकभर आधीच येऊन बसलाय. ‘करार’, ‘वल्हांडण’, ‘शब्बाथ’ हे शब्द त्या लोकांनी झिजवून गुळगुळीत केलेत. ते सोडून नवी परिभाषा घडवायला समित्या कशाला नेमायच्या?

आता मुख्य काम. मावशींच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात सासऱ्यांपासूनची पुस्तकं आहेत, काही धड, बरीचशी फाटकी. हिब्रू आणि मराठी शेजारी-शेजारी छापलेली, मुंबईच्या जुन्या छापखान्यांतली. दोनचार कीर्तनांच्या आख्यानवह्या, हाताने लिहिलेल्या. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो. यांच्यात देवाचं नाव असलेला कागद टाकत नाहीत, जाळत नाहीत, बाजूला साठवतात आणि मग दफनभूमीत पुरतात. त्या साठ्याला गेनिझा म्हणतात. फुस्तातच्या सिनेगॉगमधला गेनिझा पुरायचा राहून गेला, म्हणून दाविदचं ऐधाबहून आलेलं पत्र आपल्याला वाचता आलं. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी तिथून एक लाख नव्वद हजारांवर तुकडे केंब्रिजला नेले.

मावशी दिवाळीनंतर लेकीकडे अश्दोदला कायमच्या जाणार आहेत. विमानात तेवीस किलोच नेता येतं. ट्रंकेचं काय करायचं ते त्यांचं ठरलेलं आहे: इथले दोन पुरुष आणि मी मिळून ती दफनभूमीत नेऊन रीतसर पुरायची. मी गळ घातल्यावर एवढं कबूल केलंय की त्याआधी कुणी येऊन पानांचे फोटो काढणार असेल तर त्यांची हरकत नाही. माझ्या मोबाइलने मी चाळीस पानं काढली, निम्मी हलली आहेत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे धड कॅमेरा, दोन दिवसांची सवड आणि हिब्रू अक्षरं ओळखणारा एखादा विद्यार्थी असेल, तर गणपतीनंतर लगेच या. मांडव्याहून एसटी मिळते. शनिवारी मात्र येऊ नका.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक
अलिबाग तालुका, जि. रायगड